थेट वर्ग आणि स्वगती अभ्यास : ऑनलाइन पाली अध्यापनाचा विचार

24 मार्च 2020 रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि विहारांमधून रविवारी भरणारे पाली भाषेचे वर्ग एकाएकी बंद पडले. त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा 7 मे रोजी आली. ती उपासक-उपासिकांनी आपापल्या घरीच साजरी केली. अशा परिस्थितीत पाली शिकविणाऱ्या आम्हां अनेकांना मोबाइलच्या पडद्यावर वर्ग भरवावे लागले. ती त्या वेळची निकड होती. पुढे विहारांची दारे उघडली, परंतु ऑनलाइन वर्ग मात्र बंद झाले नाहीत. ज्यांना विहारातील वर्गाला कधीच येता आले नसते असे विद्यार्थी या निमित्ताने पाली भाषेच्या परिसरात आले होते. रात्रपाळी करणारी परिचारिका, तान्हे मूल असलेली गृहिणी, तालुक्याच्या गावी राहणारा शिक्षक, आखाती देशात नोकरी करणारा तरुण, या सर्वांना पुन्हा बाहेर ठेवणे योग्य नव्हते.

तथापि, साधन मिळाले म्हणजे पद्धती सापडली असे होत नाही. आज ऑनलाइन पाली अध्यापनाचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात शिक्षक व विद्यार्थी एकाच वेळी पडद्यासमोर बसतात. त्यास आपण 'थेट वर्ग' म्हणू. दुसऱ्या प्रकारात पाठांची ध्वनिमुद्रणे, चित्रफिती व लिखित टिपणे विद्यार्थ्यांकडे पाठविली जातात आणि ज्याने त्याने आपल्या सवडीने व आपल्या गतीने अभ्यास करावयाचा असतो; त्यास 'स्वगती अभ्यास' म्हणू. या दोहोंचा मेळ कसा घालावा, कोणते काम कोणत्या पद्धतीकडे सोपवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दोन पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

प्रारंभी आमच्या हातून जी चूक झाली ती येथे सांगणे अगत्याचे वाटते. महाविद्यालयात जसे एक तास व्याख्यान देतो तसेच आम्ही मोबाइलसमोर बसून देत राहिलो आणि हजेरी हाच अभ्यासाचा पुरावा मानला. एक भगिनी तिसऱ्या आठवड्यापासून वर्गात दिसेनाशी झाली. दोन-तीन वेळा निरोप पाठवून उत्तर आले नाही, तेव्हा तिचे नाव आम्ही यादीतून काढून टाकले. पुढे उजळणीच्या आठवड्यात ती आपणहून वर्गात आली आणि नामांची रूपे तिने बिनचूक सांगितली. तिची पाळी वर्गाच्याच वेळेस होती. एका सहाध्यायी मैत्रिणीकडून ती वर्गाची ध्वनिमुद्रणे घेत असे आणि घरातील सर्व जण झोपल्यावर ऐकून वही पूर्ण करीत असे. तिचा अभ्यास चालू होता. तो पाहण्याची सोय आमच्या पद्धतीत नव्हती.

याच्या उलट अनुभवही आला. एका तरुणाने सर्व ध्वनिमुद्रणे निष्ठेने ऐकली होती, परंतु तो थेट वर्गास एकदाही आला नव्हता. त्याचे पठण प्रथमच ऐकले तेव्हा लक्षात आले की, तो 'सरण' या शब्दाचा उच्चार 'शरण' असा करीत होता, 'ण' व 'न' यांत भेद करीत नव्हता आणि दीर्घ स्वर ऱ्हस्व करीत होता. त्याने शिक्षकाचे पुष्कळ ऐकले होते. त्याचे मात्र कोणीच ऐकले नव्हते. चुकीचा उच्चार कित्येक महिने घोळून पक्का झाल्यावर तो काढणे किती कठीण जाते, हे पाठांतर शिकविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

या दोन अनुभवांवरून दोन्ही पद्धतींची मर्यादा स्पष्ट होते. केवळ थेट वर्ग असेल, तर ज्याला वेळ आपल्या हातात ठेवता येत नाही तो प्रथम गळतो, आणि आपल्या समाजात असेच लोक अधिक आहेत. केवळ स्वगती अभ्यास असेल, तर विद्यार्थ्याची चूक कोणाच्या दृष्टीस पडत नाही, त्याची शंका त्याच्यापाशीच राहते आणि हळूहळू उत्साहही मावळतो.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनीही या प्रश्नाचा विचार केला आहे. फ्लॉरेन्स मार्टिन, ड्र्यू पॉली व आल्बर्ट रिट्झहॉप्ट या अमेरिकन अभ्यासकांनी 2020 साली अशा मिश्र पद्धतीस 'बायक्रोनस' म्हणजे द्विकालिक अध्ययन असे नाव दिले. त्याआधी 2000 साली गॅरिसन, अँडरसन व आर्चर यांनी असे मांडले होते की, ऑनलाइन शिक्षण अर्थपूर्ण होण्यास तीन प्रकारची उपस्थिती लागते: विचाराची, सहाध्यायींची आणि शिक्षकाची. आमच्या मते, या तिन्ही गोष्टी बौद्ध अध्ययनपरंपरेस अपरिचित नाहीत.

परंपरेचा दाखला

सुत्तपिटकात बहुश्रुत शिष्याचे वर्णन अनेक ठिकाणी आले आहे. त्यात अध्ययनाच्या पाच पायऱ्या दिसतात. प्रथम धम्म ऐकणे, मग तो धारण करणे, नंतर वाचेने घोळून त्याचा परिचय करून घेणे, त्यानंतर मनाने तो पुन्हा पुन्हा निरखणे आणि अखेरीस सम्यक दृष्टीने त्याचा भेद करणे. यांपैकी ऐकणे गुरुजवळ घडते. धारण करणे, वाचेने घोळणे व मनाने निरखणे यांसाठी मात्र एकांत आणि स्वतःची गती लागते. मंगलसुत्तात योग्य वेळी धम्मश्रवण आणि योग्य वेळी धम्मसाकच्छा, म्हणजे धम्माविषयीची चर्चा, ही दोन स्वतंत्र मंगले म्हणून सांगितली आहेत. ऐकणे आणि चर्चा करणे ही दोन वेगळी कामे आहेत व दोहोंची योग्य वेळ वेगळी असू शकते, असा बोध आपण त्यावरून घेऊ शकतो.

तिपिटक कित्येक शतके मुखोद्गत राखले गेले. ते राखणाऱ्यांना 'भाणक' म्हणत. कोणी दीघनिकायाचे भाणक, कोणी मज्झिमनिकायाचे, अशी त्यांच्यात कामाची वाटणी होती. आपल्या महाराष्ट्रातही याचा पुरावा आहे. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभलेखात सोपारा येथील धम्मुत्तरीय शाखेच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, श्रीलंकेतील आलुविहार येथे तिपिटक ग्रंथरूपाने लिहिले गेले, अशी थेरवाद परंपरा सांगते. पोथी हाती आल्यावर पाठ कोणत्याही वेळी व कोणत्याही गतीने वाचता येऊ लागला. या अर्थाने पोथी हे स्वगती अभ्यासाचेच साधन होय. परंतु पोथी आली म्हणून आचार्य अनावश्यक ठरले नाहीत. पठण, अर्थकथन आणि प्रश्नोत्तरे चालूच राहिली. आजच्या ध्वनिमुद्रणांचे स्थान आम्ही पोथीसारखेच मानतो. ती पाठ जपून ठेवतात, पण विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांना ऐकू येत नाही.

मिलिंदपञ्हात राजा मिलिंद एखादा मुद्दा न समजल्यास नागसेन स्थविरांकडे पुन्हा उपमा मागतो आणि स्थविर दर वेळी नवी उपमा देतात. ऐकणाऱ्याला काय कळले नाही, हे समोर असलेल्यालाच उमगते. थेट वर्गाचे खरे प्रयोजन हेच आहे.

गतीविषयीही परंपरेत एक बोलके उदाहरण आहे. अट्ठकथेतील वृत्तान्तानुसार चूळपंथक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथाही पाठ झाली नाही, तेव्हा त्याचा थोरला भाऊ महापंथक याने त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी मात्र त्याला स्वच्छ वस्त्राचा तुकडा देऊन तो हाताने चोळत राहण्याचा सोपा अभ्यास सांगितला आणि त्यातूनच त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले. शिष्य मंद आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी दिलेली पद्धती त्याला मानवते किंवा नाही हे पाहावे, हा यातील बोध होय.

कोणते काम केव्हा?

आता प्रत्यक्ष पाठाचे उदाहरण घेऊ. 'बुद्ध' या अकारान्त पुल्लिंगी नामाची रूपे हा आरंभीचा पाठ असतो. पाली भाषेत द्विवचन नाही. त्यामुळे एकवचन व बहुवचन एवढीच रूपे शिकावयाची असतात. प्रथमेत बुद्धो, बुद्धा. द्वितीयेत बुद्धं, बुद्धे. तृतीयेत बुद्धेन, बुद्धेहि, याप्रमाणे हा तक्ता चालतो. तो पाठ करण्यासाठी शिक्षक समोर बसण्याचे कारण नाही. कोणाला तो दोन दिवसांत येईल, कोणाला दहा दिवस लागतील. थेट वर्गाचा वेळ तक्ता वाचून दाखविण्यात घालविणे म्हणजे ज्याला तो आला आहे त्याला खोळंबविणे आणि ज्याला आला नाही त्याला लाजविणे होय. हे काम स्वगती अभ्यासाचे आहे.

परंतु याच तक्त्यात 'बुद्धा' हे रूप प्रथमेच्या बहुवचनीही आहे आणि पंचमीच्या एकवचनीही आहे. 'बुद्धे' हे द्वितीयेचे बहुवचन आहे, तसेच सप्तमीचे एकवचनही आहे. वाक्यात यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा हे तक्ता सांगत नाही. आपण नित्य म्हणतो त्या पहिल्या शीलातील 'पाणातिपाता' हा शब्दच पाहा. अनेक उपासक त्यास बहुवचन समजतात. वस्तुतः ते पंचमीचे एकवचन आहे: 'प्राणहत्येपासून'. त्याचा संबंध पुढील 'वेरमणी' म्हणजे 'विरती' या शब्दाशी आहे. 'समादियामि' हे क्रियापद उत्तमपुरुषी एकवचनी वर्तमानकाळाचे आहे: 'मी ग्रहण करतो'. एवढे व्याकरण कळले की, शील ही कोणी वरून दिलेली आज्ञा नसून ती स्वतः होऊन स्वीकारलेली शिस्त आहे, हे शब्दांतूनच स्पष्ट होते. हा उलगडा थेट वर्गात, विद्यार्थ्यांना प्रश्न विचारीत व त्यांचे तर्क ऐकत करावा. एकाने 'बहुवचन' म्हणावे, दुसऱ्याने 'मग अर्थ कसा लागेल?' असे विचारावे, आणि पाच मिनिटांच्या चर्चेतून पंचमी सापडावी. असे सापडलेले व्याकरण विसरले जात नाही.

उच्चाराचेही असेच आहे. मराठी भाषकाला पाली शिकताना काही गोष्टी अनुकूल असतात. देवनागरी लिपी परिचयाची असते आणि पालीतील 'ळ' हे व्यंजन आपल्या जिभेवर आधीपासूनच असते. अडचण येते ती पालीत नसलेल्या वर्णांची. पालीत श व ष नाहीत, केवळ स आहे. ऋ, ऐ, औ व विसर्ग नाहीत. संस्कृत शब्दांच्या सवयीमुळे हे वर्ण आपल्या पठणात नकळत शिरतात. शुद्ध उच्चाराचा नमुना ध्वनिमुद्रणातून द्यावा, विद्यार्थ्याने तो ऐकून वीस वेळा म्हणावा, पण त्याचे स्वतःचे पठण थेट वर्गात किंवा त्याने पाठविलेल्या ध्वनिमुद्रणातून शिक्षकाने ऐकावेच.

स्वगती अभ्यासात आणखी एक धोका असतो. चित्रफीत दोनदा पाहिली की, 'मला आले' असे वाटू लागते. रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर तो अधिक आठवला. परंतु एका आठवड्यानंतर, ज्यांनी पुस्तक मिटून आठविण्याचा प्रयत्न केला होता, त्यांना तो अधिक आठवला. यास्तव प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या शेवटी 'आता वही मिटा आणि रूपे लिहा' अशी सूचना असावी. उत्तरे निराळ्या पानावर द्यावीत. जे चुकले ते वहीच्या शेवटी लिहून ठेवावे आणि पुढील थेट वर्गाचा आरंभ त्या चुकांपासून करावा. अशा रीतीने एक पद्धती दुसरीला काम पुरविते. हा दुवा नसेल, तर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी असूनही वेगळ्याच राहतात.

वर्षावासाच्या काळातील एक आराखडा

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास आपल्याकडे ग्रंथवाचनाचा काळ आहे. या तीन महिन्यांत विहारांतून व घरांतून परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. प्राथमिक पाली अभ्यासक्रमास हाच काळ सोयीचा आहे. त्यात बारा आठवडे सहज मिळतात. आठवड्याची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल.

सोमवारी आठ ते दहा मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण व एक पानाचे टिपण पाठवावे. मंगळवार ते शुक्रवार रोज पंधरा मिनिटे अभ्यास असावा: पाच नवे शब्द, कालच्या शब्दांची आठवण आणि एक वाक्य. शनिवारी प्रत्येकाने चार-पाच ओळींचे पठण ध्वनिमुद्रित करून पाठवावे व आपल्या शंका लिहून कळवाव्यात. रविवारी एक तासाचा थेट वर्ग भरवावा. त्यातील पहिली वीस मिनिटे चुकांना व शंकांना, पुढील तीस मिनिटे वाक्यांच्या अर्थचर्चेला आणि शेवटची दहा मिनिटे पठणाला द्यावीत. चौथा, आठवा व बारावा आठवडा नवा पाठ न देता उजळणीसाठी ठेवावा, म्हणजे मागे राहिलेल्यास पुन्हा सोबत येता येईल.

सामूहिक पठणाविषयी एक सूचना करावीशी वाटते. विहारात सर्वांनी एका सुरात वंदना म्हणण्याची आपली सवय असते. ऑनलाइन वर्गात ते साधत नाही, कारण प्रत्येकाचा आवाज थोड्याफार विलंबाने पोहोचतो व गोंधळ होतो. म्हणून इतरांचे ध्वनिक्षेपक बंद ठेवून एकाने म्हणावे, बाकीच्यांनी आपापल्या घरी मागून म्हणावे आणि त्यानंतर तिघा-चौघांचे पठण स्वतंत्रपणे ऐकावे.

वर्गातील विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे गट पाडून प्रत्येक गटास एक अनुभवी कल्याणमित्र नेमावा. एकदा आनंद स्थविरांनी कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य असे म्हटले, तेव्हा भगवंतांनी ते संपूर्ण ब्रह्मचर्य होय असे सांगून त्यांचे मत दुरुस्त केले. जो वर्गास आला नाही त्याला 'का आला नाहीत?' असे न विचारता 'पाठ पोहोचला का?' असे विचारणारा कोणी तरी असणे, हीच गळती थांबविण्याची सर्वांत साधी उपाययोजना आहे. आमच्या यादीतून नाव गळालेल्या त्या भगिनीलाही अशाच एका मैत्रिणीने वर्गाशी जोडून ठेवले होते.

सन्मान आणि समान संधी

घरात एकच मोबाइल असेल तर तो आधी मुलांच्या अभ्यासाला जातो. म्हणून स्वगती पाठ शक्यतो ध्वनिरूपात द्यावा. प्रतिसेकंद 32 किलोबिट या दराने साठविलेले दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण सुमारे 2.4 मेगाबाइट एवढेच भरते. चित्रफितीपेक्षा ते फार हलके असते, काम करताना ऐकता येते आणि एकदा उतरवून घेतले की पुन्हा इंटरनेट लागत नाही.

थेट वर्गात कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करू नये. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आपले घर सर्वांना दाखवावे लागू नये. शिकण्यासाठी आवाज पुरेसा आहे. वर्गाचे ध्वनिमुद्रण करावयाचे असल्यास सर्वांची संमती घ्यावी आणि ते वर्गाबाहेर जाऊ देऊ नये. आपली चूक जगभर ऐकली जाईल या भीतीने विशेषतः भगिनी बोलेनाशा होतात. तसेच मूल्यमापन केवळ हजेरीवर न करता वही, पाठविलेले पठण आणि शेवटची तोंडी परीक्षा यांवर करावे.

समारोप

बालपणी शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकण्याची मुभा मिळाली नाही आणि त्यांना पर्शियन भाषा घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पाली भाषेचे व्याकरण व शब्दकोश यांसाठी परिश्रम केले; ते कार्य महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात 1998 साली प्रसिद्ध केले. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. विद्यार्थ्याचे जीवन पाहून वर्गाची वेळ ठरविण्याचा हा वस्तुपाठ आपल्यापुढे आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच पाली भाषेलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या मान्यतेने आनंद झाला तरी, आपल्या विहारांतून म्हटल्या जाणाऱ्या शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यास कळत नसेल, तर तो दर्जा कागदावर राहील. अर्थ कळण्यासाठी रोजचा थोडा एकांत अभ्यास लागतो आणि चूक दाखविणारा, शंका ऐकणारा कोणी समोर असावा लागतो. या दोन्ही गोष्टी रात्रपाळी संपवून आलेल्या भगिनीपर्यंतही पोहोचतील अशी व्यवस्था प्रत्येक विहाराला स्वतःच्या बळावर करता येण्याजोगी आहे. येत्या वर्षावासात एका विहाराने एक शिक्षक, पाच कल्याणमित्र आणि पंचवीस विद्यार्थी एवढ्यावर आरंभ करावा, आणि पहिल्याच दिवशी असा निश्चय करावा की, वर्गास न आलेल्या कोणाचेही नाव चौकशी केल्याविना यादीतून काढले जाणार नाही.